साखळीतल्या शेवटच्याला सांभाळा: हवेशिवाय सांडपाणी कसं शुद्ध होतं

सांडपाणी शुद्ध करणाऱ्या बहुतेक मोठ्या केंद्रांत सर्वांत आधी ब्लोअरची घरघर ऐकू येते. टाकीच्या तळाशी हवा सोडायची, त्या हवेतल्या ऑक्सिजनवर जीवाणू पोसायचे आणि पाण्यातली घाण त्यांच्याकडून खाऊन घ्यायची, ही पद्धत १९१४ साली मँचेस्टरमध्ये मांडली गेली आणि आजही जगभर तीच सर्वाधिक वापरात आहे. पाणी ती छान स्वच्छ करते. तिची दुखणी दोन. केंद्राला लागणाऱ्या विजेतली साधारण निम्मी वीज नुसती हवा फुंकण्यात जाते. आणि खाल्लेल्या घाणीतला जवळजवळ निम्मा भाग जीवाणूंच्या शरीरांत जाऊन बसतो. ही शरीरं म्हणजेच स्लज. पाणी स्वच्छ झालं, पण गाळाचे ढीग उरले. ते सुकवायचे कुठे आणि टाकायचे कुठे, हा नवा प्रश्न.

मग हवा दिलीच नाही तर? घाण तेव्हाही कुजते, फक्त वेगळ्या वाटेने. या वाटेला विनॉक्सी प्रक्रिया म्हणतात. ती समजून घ्यायची तर आधी ऊर्जेचा हिशेब बघावा लागतो, कारण पुढचं सगळं त्या हिशेबातूनच निघतं.

ग्लुकोजचा एक मोल (म्हणजे १८० ग्रॅम) ऑक्सिजनबरोबर पूर्ण जाळला तर सुमारे २,८७० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. तोच मोल ऑक्सिजनशिवाय शेवटपर्यंत कुजवला, म्हणजे त्याचे तीन भाग मिथेन आणि तीन भाग कार्बन डायऑक्साइड झाले, तर जेमतेम ४०० किलोज्यूल सुटतात. बाकीची ऊर्जा नाहीशी झालेली नसते. ती मिथेनमध्ये साठून राहते आणि आपण तो गॅस पेटवला की बाहेर येते. थोडक्यात, ऑक्सिजनवर जगणारे जीवाणू सगळी मेजवानी स्वतःच खातात. हवेशिवाय जगणाऱ्यांच्या वाट्याला सातवा हिस्सा येतो आणि तोही अनेकांमध्ये वाटला जातो. इतक्या कमी ऊर्जेवर शरीर फारसं वाढत नाही. म्हणून विनॉक्सी टाकीत नवा गाळ हवेच्या टाकीच्या मानाने फारच कमी, ढोबळमानाने पाचव्या-दहाव्या हिश्शाइतका तयार होतो. आणि त्याच कारणाने हे जीव अतिशय हळू वाढतात. पहिला फायदा आणि दुसरा तोटा, दोन्ही एकाच कारणाचे.

पाण्यात घाण किती आहे हे मोजायला सीओडी नावाचं माप वापरतात. ती घाण रासायनिक पद्धतीने पूर्ण जाळायला किती ऑक्सिजन लागेल, हा तो आकडा. हवेच्या टाकीत सीओडी खरोखर जळतो. विनॉक्सी टाकीत जाळायला ऑक्सिजनच नसतो, त्यामुळे तो फक्त जागा बदलतो: पाण्यातून निघून गॅसमध्ये जातो. एक किलो सीओडी असा हलवला की प्रमाण तापमान-दाबाला ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो. त्यात सुमारे साडेतीन युनिट उष्णता असते. जनित्र चालवलं तर त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास वीज हाती येते. हवेच्या टाकीत तेवढ्याच घाणीसाठी उलट आपल्याला साधारण अर्धं ते एक युनिट वीज खर्चावी लागते.

चार टप्पे, पण एक जीव नव्हे

"मिथेन तयार करणारे जीवाणू घाण खातात" हे वाक्य बऱ्याच माहितीपत्रकांत सापडतं आणि ते जवळजवळ पूर्ण चुकीचं आहे. मिथेन तयार करणाऱ्या जीवांना घाण खाताच येत नाही. त्यांचा आहार फार मोजका: ॲसिटिक आम्ल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड, आणि मिथेनॉलसारखी मूठभर साधी संयुगं. पिष्ट, प्रथिनं, चरबी यांना ते हातही लावत नाहीत. तिथपर्यंत माल पोचवायला मध्ये तीन टोळ्या लागतात.

पहिली टोळी मोठे रेणू तोडते. हे जीवाणू विकरं बाहेर सोडतात आणि ती पिष्टाची साखर, प्रथिनांची अमिनो आम्लं, चरबीची स्निग्धाम्लं करतात. पाण्यात कागदाचे तंतू किंवा चरबीचे गोळे असतील तर हेच काम सर्वांत रेंगाळतं. लाकडातलं लिग्निन या टाक्यांत जवळजवळ जसंच्या तसं राहतं.

दुसरी टोळी साखरा आणि अमिनो आम्लं आंबवून त्यांची ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी आम्लं करते, सोबत हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड. ही मंडळी चपळ आहेत. काही तासांत दुप्पट होतात, वातावरण थोडं आंबट झालं तरी त्यांचं काही बिघडत नाही. त्यांच्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. टाकी बिघडते ती त्यांच्या आळसामुळे नव्हे, उत्साहामुळे.

खरी गंमत तिसऱ्या आणि चौथ्या टोळीत आहे. तिसरी टोळी प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक आम्ल फोडून त्यांचं ॲसिटिक आम्ल आणि हायड्रोजन करते. आता रसायनशास्त्राच्या पुस्तकात बघितलं तर ही क्रिया होऊच नये. प्रमाण परिस्थितीत प्रोपिऑनेट (पाण्यातलं प्रोपिऑनिक आम्ल) फोडायला मोलमागे सुमारे ७६ किलोज्यूल ऊर्जा बाहेरून घालावी लागते. खाऊन पोट भरण्याऐवजी खिशातून पैसे जावेत तसा प्रकार. ही क्रिया फायद्याची होते ती एकाच अटीवर: आजूबाजूचा हायड्रोजन सतत कोणीतरी उचलून नेला पाहिजे, त्याचा दाब वातावरणाच्या दहाहजाराव्या भागाच्याही खाली राहिला पाहिजे. हा हायड्रोजन उचलणारे म्हणजे चौथ्या टोळीतले मिथेनकर्ते. हायड्रोजन हे त्यांचं अन्न. तो फारच कमी झाला तर ते उपाशी, थोडा वाढला तर तिसरी टोळी ठप्प. दोघांनाही जगता येईल अशी हायड्रोजनची पट्टी अगदी अरुंद आहे आणि निरोगी टाकी त्या पट्टीतच चालते.

ही भागीदारी उमगायला वेळ लागला. मिथॅनोबॅसिलस ओमेलियान्स्की नावाचा एक जीव प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं वाढवला जात होता. इथॅनॉल खातो आणि मिथेन देतो, अशी त्याची ख्याती. १९६७ साली मार्विन ब्रायंट आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की हा एक जीव नाहीच. दोन वेगळे जीव एकाच संवर्धनात नांदत होते. एक इथॅनॉलपासून ॲसिटिक आम्ल आणि हायड्रोजन करायचा, दुसरा तो हायड्रोजन वापरून मिथेन. वेगळे केल्यावर पहिला इथॅनॉलवर नीट वाढेना, कारण स्वतःच्याच हायड्रोजनमध्ये तो अडकायचा. इतकी वर्षं शास्त्रज्ञ ज्याला एक नाव देऊन बसले होते, ती प्रत्यक्षात जोडी होती.

अलीकडे या देवघेवीचा आणखी एक मार्ग सापडला आहे. जिओबॅक्टरसारखे काही जीवाणू हायड्रोजन न बनवता इलेक्ट्रॉन थेट शेजाऱ्याकडे सोपवतात. मिथॅनोथ्रिक्स हा मिथेनकर्ता असे इलेक्ट्रॉन स्वीकारतो, हे २०१४ मध्ये दाखवलं गेलं. वीजवाहक कार्बनची पूड टाकीत घातली की काही प्रयोगांत मिथेन लवकर येतो, त्यामागे हेच कारण असावं असं अनेक संशोधक मानतात. प्रत्यक्ष मोठ्या टाक्यांत या मार्गाचा वाटा किती, यावर मात्र एकमत नाही.

शेवटचा दुवा

मिथेनकर्ते जीवाणू नाहीतच. १९७७ मध्ये कार्ल वोस आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोमच्या आरएनएची तुलना केली आणि हे जीव जीवाणूंपासून पार वेगळ्या शाखेचे आहेत असं दाखवलं. त्या शाखेला आज आर्किया म्हणतात. अतिनील प्रकाशाखाली सूक्ष्मदर्शकातून बघितलं तर त्यांतले बरेचसे निळे-हिरवे चमकतात, कारण त्यांच्यात एफ-४२० नावाचं एक सहविकर असतं. मिथेन तयार होण्याच्या अगदी शेवटच्या पायरीला निकेल असलेला रेणू लागतो. म्हणून एखाद्या कारखान्याच्या पाण्यात साखर भरपूर पण निकेल, कोबाल्ट, लोह नसेल, तर सगळं बरोबर असूनही टाकी मरगळते. किंचित क्षार घातले की उठून बसते.

टाकीतला साधारण ७० टक्के मिथेन ॲसिटिक आम्लापासून येतो, उरलेला हायड्रोजनपासून. ॲसिटिक आम्लावर जगणारे मुख्य दोघे. मिथॅनोसार्सिनाला भरपूर आम्ल हवं असतं आणि तो त्यातल्या त्यात भरभर वाढतो. मिथॅनोथ्रिक्स अगदी थोड्या आम्लावरही भागवतो, पण त्याला दुप्पट व्हायला कित्येक दिवस लागतात. पाणी खरोखर स्वच्छ हवं असेल तर दुसराच कामाचा, कारण उरलंसुरलं आम्ल तोच टिपतो.

आता टाकी आंबते म्हणजे काय ते बघू. एखाद्या दिवशी घाण अचानक दुपटीने आली. दुसरी टोळी लगेच कामाला लागते आणि आम्लांचा लोंढा सोडते. मिथेनकर्त्यांना तेवढा वेग जमत नाही, त्यामुळे हायड्रोजन साचतो. हायड्रोजन साचला की तिसरी टोळी थांबते आणि प्रोपिऑनिक आम्ल तुंबायला लागतं. सामू (पीएच) ६.५ च्या खाली घसरला की मिथेनकर्ते आणखी मंदावतात, आणि आंबवणारे मात्र मजेत चालू असतात. इथून पुढे टाकी स्वतःलाच बुडवत जाते.

इथे नवशिक्या ऑपरेटरची फसगत होते. तो सामूकडे बघत बसतो. पण पाण्यातलं बायकार्बोनेट आधी सगळा आंबटपणा पोटात घेतं, त्यामुळे सामू हलतो तेव्हा गोष्ट बरीच पुढे गेलेली असते. जाणते लोक आम्ल आणि क्षारतेचं गुणोत्तर बघतात. ते ०.३ च्या आत असलं तर झोप लागते, त्यावर सरकू लागलं की सामू सात दाखवत असला तरी फीड, म्हणजे टाकीत सोडायची घाण, कमी करायची. गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण वाढणं हीसुद्धा आधी मिळणारी खूण. उपाय साधा पण जिवावर येणारा असतो: फीड थांबवा आणि वाट बघा. क्षारता वाढवायला सोडियम बायकार्बोनेट बरं. चुना स्वस्त पडतो, पण तो विरघळलेला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी बसतो. म्हणजे घातलेल्यातला बराचसा वाया, शिवाय टाकीत दगड.

पाणी जाऊ द्या, जीव राहू द्या

दिवसांनी दुप्पट होणारे जीव, आणि पाणी टाकीत थांबणार आठ तास. अशा वेळी ते पाण्याबरोबर वाहून जाणार हे उघड आहे. विनॉक्सी प्रक्रियेचा सगळा इतिहास एका अर्थी याच अडचणीशी झगडण्याचा इतिहास आहे.

वायू पेटतो हे तर फार आधी कळलं होतं. १७७६ मध्ये अलेस्सांद्रो व्होल्टाने माज्जोरे सरोवराच्या तळाचा गाळ ढवळून वर आलेला वायू गोळा केला आणि पेटवून दाखवला. १८९५ च्या सुमारास इंग्लंडमधल्या एक्सेटरमध्ये डोनाल्ड कॅमेरॉनने सेप्टिक टँक बांधला. पुढे गाळ पचवण्याच्या मोठ्या डायजेस्टर टाक्या आल्या: ३५ अंशांच्या आसपास गरम ठेवलेल्या, ज्यांत गाळ वीस-एक दिवस मुरतो. दाट गाळाला हे परवडतं. पातळ पाण्याला नाही. वीस दिवसांचं पाणी साठवणारी टाकी बांधणार कोण?

१९६९ मध्ये यंग आणि मॅकार्टी यांनी टाकीत दगड भरले. जीव दगडांना आणि त्यांच्या फटींना धरून राहिले, पाणी मधून निघून गेलं. कल्पना चालली, पण दगड जागा खातात आणि तुंबतात. त्यानंतर १९७० च्या दशकात नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन इथे गाट्झे लेटिंगा आणि सहकाऱ्यांनी हाच प्रश्न हाती घेतला. त्यांना आढळलं की दगड मुळात लागतच नाहीत. पाणी खालून वर, तासाला अर्धा ते एक मीटर इतक्या सावकाश गतीने सोडलं आणि वर गॅस, गाळ, पाणी वेगळं करणारी नीट रचना बसवली तर गाळ आपल्या वजनानेच खाली राहतो. ही यूएएसबी (अपफ्लो ॲनेरोबिक स्लज ब्लँकेट) टाकी. पुढे बीटसाखर कारखान्याच्या पाण्यावर चालणाऱ्या टाकीत तर गाळाचे टणक, गोलसर कण झालेले दिसले. लेटिंगांनी या शोधाचं पेटंट घेतलं नाही, हे त्यांच्याबद्दल आवर्जून सांगितलं जातं. तंत्र जगभर इतकं झपाट्याने पसरलं, त्यात याचा मोठा हात आहे असं मला वाटतं.

हे कण म्हणजे ग्रॅन्युल. एक ते तीन मिलिमीटरचे, काळसर. ते तासाला वीस मीटर आणि त्याहूनही वेगाने खाली बसतात, त्यामुळे अर्ध्या-एक मीटरच्या प्रवाहाला ते दाद देत नाहीत. बनतात कसे, यावर बरेच सिद्धान्त आहेत. प्रवाहाची निवड हे त्यांतलं सर्वमान्य कारण: सुटे, हलके जीव वाहून जातात, एकमेकांना धरून जड झालेले उरतात. मिथॅनोथ्रिक्सचे लांब तंतू गुंतून सांगाडा तयार होतो. साखरेच्या पाण्यावर वाढलेला ग्रॅन्युल कापून बघितला तर बाहेरच्या थरात आंबवणारे आणि आतल्या भागात तिसरी टोळी व मिथेनकर्ते अगदी खेटून बसलेले दिसतात. हायड्रोजनला जितकं कमी अंतर कापावं लागेल तितका त्याचा दाब कमी ठेवता येतो. मोकळ्या पाण्यात विखुरलेले असते तर ही देवघेव इतक्या वेगाने झालीच नसती.

अशा टाकीत घनमीटरमागे दिवसाला दहा-पंधरा किलो सीओडी सहज खपतो. उंच, वेगवान प्रवाहाच्या सुधारित टाक्या वीस-तीस किलोंपर्यंत जातात. कोऱ्या टाकीत ग्रॅन्युल तयार व्हायला महिने लागतात, म्हणून चालत्या टाकीतले जादा ग्रॅन्युल टँकरने विकत आणायची पद्धत आहे. हंगामी कारखान्यांना आणखी एक सोय: उपाशी ठेवलेले ग्रॅन्युल कित्येक महिने तग धरतात आणि फीड सुरू झाली की काही दिवसांत पूर्ववत कामाला लागतात. जेमतेम ऊर्जेवर जगायची सवय असलेल्यांना उपासाचं काय!

सगळीकडे मात्र ग्रॅन्युल जमत नाहीत. चरबीचं पाणी आलं की स्निग्धाम्लं त्यांना लेपटतात आणि ते तरंगून निघून जातात. घरगुती मैलापाण्यात बहुधा मऊ, पुंजक्यांचा गाळच राहतो.

कुठे नको

पाण्यात सल्फेट असेल तर साखळीत आगंतुक शिरतात. सल्फेटवर श्वास घेणारे जीवाणू हायड्रोजन मिथेनकर्त्यांच्या आधी पळवतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. मिथेन घटतो, इंजिन गंजतं. टाकीच्या वरच्या भागात तर या वायूचं गंधकाम्ल होऊन काँक्रीट झडायला लागतं. आणि तो माणसं मारतो. थोडा असताना सडक्या अंड्यांसारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. म्हणून "आता वास नाही, उतरायला हरकत नाही" हा अंदाज जीवघेणा आहे. बंद टाकीत वायू मोजल्याशिवाय आणि हवा खेळवल्याशिवाय कोणीही उतरू नये, आत पडलेल्याला वाचवायलासुद्धा नाही. अशा अपघातांत दुसरा आणि तिसरा बळी मदतीला उतरणाऱ्याचा असतो.

विनॉक्सी टाकी पाणी पूर्ण शुद्धही करत नाही. मैलापाण्यातली घाण साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश निघते. अमोनिया आणि फॉस्फेट जवळजवळ तसेच राहतात, रोगजंतूही बरेच उरतात. त्यामुळे पुढे तळं, हवेची छोटी टाकी किंवा तत्सम काही लागतंच. यूएएसबीला "संपूर्ण उपाय" म्हणून विकणाऱ्यांनी या तंत्राचं नाव खराब केलं आहे.

तापमानाचा मुद्दा आकड्यांतूनच नीट कळतो. मद्यार्क कारखान्याच्या पाण्याचा सीओडी लिटरला लाख मिलिग्रॅमच्या घरात असतो. तिथे गॅस इतका निघतो की टाकी गरम ठेवणं हा प्रश्नच उरत नाही. मैलापाण्याचा सीओडी ४०० धरा आणि ७० टक्के निघाला असं माना. एका घनमीटर पाण्यातून ०.२८ किलो सीओडी हलला, म्हणजे सुमारे ०.१ घनमीटर मिथेन, म्हणजे जवळपास एक युनिट उष्णता. एक घनमीटर पाणी एका अंशाने तापवायला १.१६ युनिट लागतात. सगळा गॅस जाळूनही पाणी एक अंशसुद्धा तापत नाही! म्हणून मैलापाण्यावरच्या यूएएसबी टाक्या उष्ण प्रदेशांतच रुजल्या, कोलंबियातलं काली आणि भारतातलं कानपूर ही त्यांची सुरुवातीची ठिकाणं. पाणी वीस अंशांखाली गेलं की पहिली टोळीच मंदावते आणि न पचलेला मैला तळाशी साचतो.

त्यातही एक गळती आहे जी बराच काळ कोणी मोजत नव्हतं. वरच्या उदाहरणात लिटरमागे ७० मिलिग्रॅम मिथेन तयार होतो. पण २५ अंशांना त्यातला साधारण १५ मिलिग्रॅम पाण्यात विरघळलेलाच राहतो आणि पाण्याबरोबर बाहेर पडतो. पंधरा अंशांच्या गार, पातळ पाण्यात सीओडी कमी निघतो आणि मिथेन जास्त विरघळतो, त्यामुळे जवळजवळ निम्मा गॅस असा हातचा जाऊ शकतो. उघड्या नाल्यात पाणी खळाळलं की तो हवेत मिसळतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. तो पडद्यातून ओढून घेण्याचे किंवा पुढच्या बंद टप्प्यात मिथेन खाणाऱ्या जीवाणूंच्या तोंडी देण्याचे प्रयोग चालू आहेत. तोवर गार प्रदेशात कोणी मैलापाण्यासाठी "वीज वाचवणारी" विनॉक्सी टाकी सुचवली, तर बाहेर जाणाऱ्या पाण्यात मिथेन किती, हा आकडा आधी मागावा.